मेल्या बैलाचे मोल

आपली दिवाळी लक्ष्मीपूजनाने सुरू होत नाही, ती गोठ्यातून सुरू होते. आश्विन वद्य द्वादशीला, वसुबारसेच्या तिन्हीसांजेला, पहिली पणती गाय-वासरापुढे लागते. त्या दिवशी घरची गृहिणी गहू-मूग वर्ज्य करते, दूध-तुपाला हात लावत नाही, आणि बाजरीची भाकरी व गवारीची भाजी यांवर उपास सोडते. ज्या शहरी बिऱ्हाडात गाईला उभे राहायला वीतभर जागा नाही, तिथेही पाटावर तांदळाची गाय काढून तिला हळदकुंकू वाहतात. हा सण आपण मोठ्या जिव्हाळ्याने करतो. परंतु गोठ्याला सणाखेरीज दुसरेही दिवस असतात. दावणीचे जनावर सकाळी चारा खात नाही, दुपारी नाकाडोळ्यांतून पाणी गाळू लागते आणि आठ दिवसांत दावण रिकामी होते. त्या रिकाम्या दावणीचा हिशेब कोणी कोणाला द्यावयाचा, हा प्रश्न फार जुना आहे. त्या प्रश्नाचा इतिहास सांगावा, एवढ्यासाठी हा लेख.

शहरच्या वाचकाला प्रथम एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. बैल मरणे म्हणजे एक वस्तू कमी होणे नव्हे. घड्याळ मोडले तर घरातली बाकीची कामे चालू राहतात. बैलाचे तसे नाही. एका बैलाने औत चालत नाही. म्हणून जोडीतला एक गेला की उरलेलाही अर्धा निकामी होतो. पेरणीच्या तोंडावर गेला तर त्या वर्षीचे रानही जाते. अशा वेळी गावात सावड असते. तुझा एक बैल आणि माझा एक, आज तुझे रान, उद्या माझे. पण साथीचा रोग हा सावडीचाच वैरी. तो एका गोठ्यात राहत नाही. जेव्हा दहा घरांतले दहा बैल पडतात, तेव्हा सावड कोणाशी करावयाची? शेजाऱ्याचा आधार सरतो तिथे माणूस सरकारकडे पाहतो. आभाळच फाटले तर ठिगळ लावायला मोठा हात लागतो.

आपल्याकडे हा मोठा हात पुढे झाल्याचा एक उत्तम दाखला शिवकालात सापडतो. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवछत्रपतींनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावे, ज्याला कसण्याची ताकद आहे पण बैल नाही, नांगर नाही, पोटाला दाणा नाही, त्याला बैलांसाठी रोख पैसे द्यावे आणि धान्यही द्यावे. आणि ही रक्कम वाढीदिढी न लावता, नुसते मुद्दल, त्याला शक्ती येईल तसतसे हळूहळू घ्यावे, असा त्या आज्ञेचा आशय आहे. हे पत्र रोगराईसाठी लिहिलेले नव्हते, आणि ती भरपाईही नव्हती. ते बिनव्याजी कर्ज होते. परंतु रयतेच्या गोठ्यात बैल नसेल तर राज्याच्या कोठारात धान्य नसते, हे राजाने ओळखले होते. पुढच्या दोन शतकांत फार थोड्या राज्यकर्त्यांनी ते इतक्या स्वच्छपणे ओळखले.

भरपाई ही कल्पना मात्र एका वेगळ्याच ठिकाणी, निराळ्या निकडीतून पुढे आली. आपल्याकडे ज्याला बुळकांडी म्हणत, तो रोग अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपात धुमाकूळ घालीत होता. जनावराला सणकून ताप यावयाचा, तोंडात व्रण पडावयाचे, रक्तमिश्रित हगवण लागावयाची आणि आठ-दहा दिवसांत खेळ संपावयाचा. औषध नव्हते. १७११ च्या सुमारास ही साथ इटलीत शिरली. पोप अकरावा क्लेमेंट याचा वैद्य लान्सीसी याने सांगितले की, उपचारांच्या नादी न लागता आजारी जनावर मारून खोल पुरावे आणि गुरांची ये-जा बंद करावी. पोपच्या राज्यात ते कडक शिक्षांच्या धाकाने करविले गेले.

१७१४ च्या उन्हाळ्यात तोच रोग लंडनजवळच्या इझ्लिंग्टन येथील गवळ्यांच्या गोठ्यांत दिसला. टॉमस बेट्स नावाच्या राजघराण्याच्या शस्त्रवैद्याला चौकशीसाठी पाठविण्यात आले. हा बेट्स काही गुरांचा वैद्य नव्हता. पण माणसांचा स्वभाव त्याला चांगला कळत असावा. गवळी खरे बोलत नाहीत, हे त्याने तत्काळ ओळखले. आणि त्यांनी खरे का बोलावे? गाय आजारी आहे असे सांगितले तर गाय जाणार. न सांगितले तर निदान बाजारात विकता येईल, दूध दोन दिवस तरी खपेल. धाकाने गाय सापडत नाही, ती लपते. तेव्हा बेट्सने सुचविले की, सरकारने आजारी गाय विकतच घ्यावी. गाईमागे ४० शिलिंग आणि वासरामागे १० शिलिंग द्यावे, आणि जनावर जाळून किंवा पुरून टाकावे. गाईच्या खऱ्या किमतीच्या मानाने ही रक्कम थोडी होती. पण मेल्या गाईला तर काहीच मिळत नाही! ही योजना मान्य झाली. राजाच्या खजिन्यातून पैसे वाटले गेले आणि काही महिन्यांतच साथ आटोक्यात आली.

या घटनेत एक मर्म आहे, ते वाचकांनी लक्षात ठेवावे. ते ४० शिलिंग ही भीक नव्हती, दयाही नव्हती. सरकार त्या पैशाने गाय घेत नव्हते. गाय तर जाळायचीच होती. सरकार त्या पैशाने गवळ्याच्या तोंडचा खरा शब्द विकत घेत होते. वेळेवर सांगितलेल्या एका खऱ्या शब्दाने पुढच्या शंभर गाई वाचत होत्या. भरपाईचे बीज हे असे आहे.

माणसे शिकलेले किती लवकर विसरतात याचे उत्तर शाळामास्तराइतके कोणाला ठाऊक? इंग्लंडात १७४५ साली साथ पुन्हा आली आणि बारा-तेरा वर्षे ठाण मांडून बसली. त्यानंतर दीर्घ काळ शांतता गेली, आणि १८६५ च्या उन्हाळ्यात बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर रोग परत आला. तेवढ्या अवधीत बेट्सचा धडा पार पुसला गेला होता. प्रथम जे हुकूम निघाले त्यांत निरीक्षकाला आजारी जनावर मारण्याचा अधिकार होता, पण धन्याला मात्र छदामही मिळावयाचा नव्हता. परिणाम व्हावयाचा तोच झाला. गुरे लपली, ज्याला गोठ्यात पहिली शंका आली त्याने जनावरे बाजाराच्या वाटेला लावली, आणि त्यांच्याबरोबर रोगही गावोगाव पोहोचला. स्कॉटलंडातील ॲबर्डीन परगण्याच्या शेतकऱ्यांनी तेवढे शहाणपण केले. सरकारची वाट न पाहता त्यांनी आपसात वर्गणी काढली, ज्याच्या गोठ्यात रोग निघेल त्याची गुरे मारून त्याला त्या निधीतून भरपाई दिली आणि आपला परगणा राखला. सावडीचेच ते मोठे रूप म्हणावयाचे.

१८६६ च्या फेब्रुवारीत, आठवड्याला पंधरा हजारांहून अधिक गुरे रोगात सापडत असताना, पार्लमेंटने अखेर कायदा केला. आजारी जनावर मारणे सक्तीचे झाले आणि त्याबद्दल अर्धी किंमत, पण २० पौंडांहून अधिक नाही, असा दर ठरला. आजारी जनावराच्या संगतीतले निरोगी जनावर मारले तर पाऊण किंमत, कमाल २५ पौंड. पैसा स्थानिक करांतून द्यावयाचा होता. त्यानंतर रोगाचे आकडे झपाट्याने उतरले आणि पुढच्या वर्षी साथ संपली. तोपर्यंत ब्रिटनने अडीच लाखांहून अधिक गुरे गमावली होती.

अर्धे आणि पाऊण, या दोन अपूर्णांकांत मोठा अर्थ भरला आहे. आजारी जनावराला कमी आणि निरोग्याला जास्त, हे वरवर उलटे वाटते. ज्याचे दुःख मोठे त्याला अधिक द्यावे, असे आपले मन म्हणते. परंतु आजारी गाय तशीही जाणारच होती. निरोगी गाय मात्र धन्याने इतरांसाठी दिलेली असते. तिचे मोल जास्त ठेवले की शेतकरी रोग गोठाभर पसरण्याची वाट पाहत नाही, पहिल्याच शंकेला दार ठोठावतो. आणि पूर्ण किंमत का नाही? तर आपला गोठा राखण्याची काळजी धन्याच्याही जिवाला लागून राहावी म्हणून. हा तोल फार नाजूक असतो. त्याच ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकुताची साथ आली, तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली आणि एक अब्ज पौंडांहून अधिक भरपाई वाटावी लागली. घाईघाईने ठरविलेले ठोक दर बाजाराच्या वर गेले आणि जनावरांची मूल्यांकने चढत गेली. पै न देण्याने माणूस लपवितो. वाजवीपेक्षा जास्त देण्याने तिजोरी फुटते. मधली वाट शोधणे हीच खरी राज्यकर्त्याची कसोटी.

आता आपण स्वदेशी येऊ. १८६६ चा कायदा करणारे तेच राज्य त्या वेळी हिंदुस्थानावरही होते. इथेही बुळकांडीने गुरे मरतच होती. १८६९ साली सरकारने कर्नल हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली गुरांच्या साथींची चौकशी करणारे कमिशन नेमले. १८७१ मध्ये त्याचा अहवाल आला. परंतु लंडनचा मार्ग इथे चालण्यासारखा नव्हता. ज्या देशात वसुबारसेला गाईची पूजा होते, तिथे सरकारी माणूस बंदूक घेऊन गोठ्यात शिरला असता तर रोगापेक्षा मोठी आग पेटली असती. ही नुसती कल्पना नव्हे. १८९६ साली दक्षिण आफ्रिकेच्या ऱ्होडेशिया भागात बुळकांडी पोहोचली, तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्यांनी आफ्रिकी लोकांची गुरे, निरोगी गुरेसुद्धा, गोळ्या घालून मारली. ज्यांचा सारा संसार गुरांवर उभा होता त्या एन्देबेले लोकांत आधीच असंतोष होता. त्यात हे तेल पडले, आणि त्याच वर्षी तिथे मोठे बंड झाले.

तेव्हा हिंदुस्थानात कत्तल नाही, म्हणून भरपाईही नाही. मग रयतेला मिळाले काय? मिळाली तगाई. १८७५ साली पुणे-नगर भागांत कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि १८७६–७८ च्या दुष्काळात माणसांबरोबर गुरेही तडफडून मेली. त्यानंतर १८८४ चा शेतकरी कर्जाचा कायदा झाला. बी-बियाणे आणि जनावरे घेण्यासाठी सरकारने शेतकऱ्याला कर्ज द्यावे, अशी सोय त्यात होती. हे कर्ज व्याजाने, आणि थकले तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होणारे. याच सुमारास, १८८३ मध्ये, जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून बैलांच्या तुटवड्याची आणि चराऊ रानांच्या कोंडीची कैफियत मांडीत होते.

इथे क्षणभर थांबून दोन शेतकरी शेजारी उभे करून पाहावे. एकच राणी, एकच रोग, आणि दोन दशकांच्या आतली गोष्ट. तिकडच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात गाय गेली तर त्याच्या हाती पैसे पडत. इकडच्या कुणब्याचा बैल गेला तर त्याच्या डोक्यावर कर्ज चढे. मेलेला बैल पुरून झाल्यावरही तो त्याच्या हप्त्यांत अनेक वर्षे जिवंत राही! भरपाई आणि तगाई हे दोन शब्द यमकात जुळतात. अर्थात मात्र त्यांच्यामध्ये साती समुद्रांचे अंतर होते.

तरीही या काळ्या ढगाला एक उजळ कडा आहे, आणि ती आपल्या पुण्यातून निघते. कत्तलीचा मार्ग बंद होता म्हणूनच सरकारला दुसरा मार्ग शोधावा लागला. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंपीरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली, डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख. जिवंत रोगजंतूंशी खेळणारी ही संस्था वस्तीपासून दूर असावी म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलविण्यात आली. आफ्रिकेत बुळकांडीवर काम करून आलेले रॉबर्ट कॉक हे विख्यात जर्मन शास्त्रज्ञ १८९७ साली प्लेगच्या निमित्ताने मुंबईत उतरले, तेव्हा मुक्तेश्वरलाही जाऊन आले. पुढे १९२० नंतरच्या दशकात तिथेच जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांत वाढवून सौम्य केला आणि त्यातून लस तयार झाली.

स्वातंत्र्यानंतर, १९५४ पासून, या रोगाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू झाली. लस टोचणारे गावोगाव हिंडले. टोचल्याने दूध आटते, बैल वाकडा होतो, अशा शंकांना तोंड देत त्यांनी कोट्यवधी जनावरांना लस दिली. देशातला बुळकांडीचा शेवटचा उद्भव १९९५ चा. २०११ साली सारे जग या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसरा रोग. ज्याच्यापायी राजाने गाई विकत घेतल्या, तो रोग आज आपल्या नातवंडांना नावानेही माहीत नाही. सर्वांत स्वस्त भरपाई कोणती, असे कोणी विचारले तर उत्तर हेच, की जी देण्याची वेळच आली नाही ती!

परंतु प्रत्येक रोगाला लस वेळेवर सापडत नाही. १८ फेब्रुवारी २००६ रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. भारतातला तो पहिलाच उद्भव. हा रोग माणसालाही होऊ शकतो, म्हणून लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. गाईपाशी अडलेला लंडनचा जुना मार्ग कोंबडीपाशी अडला नाही, आणि कत्तलीमागोमाग भरपाईही आली. २००८ च्या जानेवारीत पश्चिम बंगालात हीच साथ खेड्यांतल्या परसदारी शिरली. तिथे गावठी कोंबडीला ४० रुपये आणि पिलाला १० रुपये असा दर होता. बायकांनी कोंबड्या घरात दडविल्या, रातोरात नातेवाइकांकडे पाठविल्या. बेट्सला भेटलेल्या गवळ्यांचीच ती भावंडे! त्या बायांना दोष देणे सोपे आहे. कारखानदाराच्या खुराड्यातली कोंबडी वजनावर विकली जाते. परसातली कोंबडी म्हणजे मुलाची वही, आजारपणातले औषध आणि नवऱ्याला न विचारता खर्च करता येणारे घरच्या बाईचे एकमेव धन. त्याचे मोल ४० रुपयांत कसे बसावे?

आणि मग आली लम्पी. अंगावर गाठी उठविणारा हा रोग १९२९ साली आफ्रिकेतील झांबियात प्रथम नोंदला गेला, २०१९ मध्ये ओडिशात उतरला आणि २०२२ च्या पावसाळ्यात आपल्या जळगाव जिल्ह्यापासून महाराष्ट्रभर पसरला. देशात त्या वर्षी लाखाहून अधिक गुरे दगावली. डास, माश्या, गोचीड यांनी तो फैलावतो. तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले, गोठे फवारले गेले, आणि जवळच्या नात्याची म्हणून शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचण्यात आली. कत्तल झाली नाही. पण महाराष्ट्र सरकारने मेलेल्या जनावराबद्दल पैसे दिले: दुधाळ गाईला ३०,००० रुपये, ओढकामाच्या बैलाला २५,००० आणि वासराला १६,०००. चांगल्या संकरित गाईला बाजारात याहून बरेच अधिक पडते, हे खरे. तरीही १८८४ पासूनचा प्रवास पाहिला म्हणजे या रकमेचे महत्त्व कळते. ही तगाई नव्हती. परत फेडावयाची नव्हती. मेल्या बैलाचे मोल सरकारने प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर कर्जाच्या वहीत न लिहिता शेतकऱ्याच्या पदरात टाकले.

मात्र हे मोल आणि बेट्सचे मोल एक नव्हे, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बेट्सने दिले ते सांगण्याचे मोल होते; लम्पीत मिळाले ते सोसण्याचे मोल. पहिले रोग थांबविते, दुसरे घर सावरते. शेतकऱ्याला दोन्ही हवीत. २००९ च्या कायद्याने जनावराच्या संशयित साथरोगाची खबर देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. कर्तव्य ठीकच, पण ज्याची चूल त्या जनावरावर पेटते, त्याला कर्तव्याबरोबर थोडा धीरही लागतो. पहिली खबर देणाऱ्या घरी जर डॉक्टर उशिरा, पंचनामा त्याहून उशिरा आणि पैसे पुढच्या पेरणीनंतर पोहोचत असतील, तर दुसऱ्या खेपेला तो खबर देणार नाही. त्याचा शेजारीही देणार नाही, कारण शेजारी सारे पाहत असतो. आणि कागदावर ज्याचे नाव, त्यालाच पैसे मिळाले, तर अर्धेलीने गाय सांभाळणाऱ्या भूमिहीनाने आणि परसातल्या कोंबडीच्या धनिणीने कोणाकडे पाहावे?

तीनशे वर्षांच्या या इतिहासातून एक साधा नियम हाती येतो. साथ प्रथम कळते ती प्रयोगशाळेत नव्हे, मंत्रालयात नव्हे. ती कळते पहाटे कंदील किंवा बॅटरी घेऊन गोठ्यात गेलेल्या माणसाला, जेव्हा रोजच्यासारखी मान वर करून हंबरणारी गाय त्या दिवशी मान वर करीत नाही. त्या क्षणी तो माणूस एकटा असतो, आणि पुढच्या साऱ्या गावाचे दैव त्याने तोंड उघडण्यावर किंवा मिटण्यावर अवलंबून असते. त्याने तोंड उघडावे असे ज्या राज्याला वाटते, त्या राज्याने आपला शब्द आधी पाळून ठेवलेला असावा लागतो.